पेटीतलं कढण

थंडी पडली की रविवारी सकाळी त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. कोपऱ्यात आजी झोपलेली असे, आणि आजीला उठवायचं नाही असा ताईचा सक्त हुकूम होता.

खरी आजी त्या घराने कधी पाहिलीच नव्हती. आजी म्हणजे एक लाकडी पेटी. यंत्रांचे सुटे भाग ज्यात येतात तसल्या खोक्याच्या फळ्या काढून शेजारच्या सुतारकाकांनी ती ठोकून दिली होती. आत चारी बाजूंनी पेंढा दाबून भरलेला, त्यावर इस्पितळातून बाद झालेल्या घोंगड्यांचे तुकडे शिवून घातलेले, आणि मधोमध बरोबर एका पातेल्याएवढा खळगा. ताई सकाळी स्टोव्हवर कढणाला उकळी आणायची, पातेलं झाकणासकट त्या खळग्यात उतरवायची, वर उशी, उशीवर वडिलांचा जुना कोट, आणि कोटावर पेटीचं झाकण. मग स्टोव्ह बंद. पुढचे पाच तास ते कढण स्वतःच्याच उबेत शिजत पडायचं. मधे कुणी झाकण उचललं की ऊब गेली आणि मसूर दाताखाली आलाच. म्हणून पोरांना सांगून ठेवलेलं, आजी झोपलीय. धाकटा पाच वर्षांचा असताना पेटीला कान लावून बसायचा. सुरुवातीला आत पातेलं थोडा वेळ खदखदायचं, तेवढ्यावर तो स्वयंपाकघरात येऊन ताईला कानात सांगायचा की आजी घोरतेय.

ही पेटी हौसेने आलेली नव्हती. ताई चौदा वर्षांची असताना तिची आई गेली. मागे मधला सहा वर्षांचा आणि धाकटा अडीच. वडील पाण्याचा टँकर चालवायचे, पहाटे बाहेर पडायचे ते दिवेलागणीला घरी. आई इस्पितळात जायला निघाली तेव्हा दारात वळून "जाते मी, पोरांकडे बघ" एवढंच म्हणाली होती. जाते. घरातून निघताना आपण सगळेच येतो म्हणतो, येते म्हणतो. जातो म्हणू नये हे कुणाला शिकवावं लागत नाही. आईला त्या दिवशी ते सुचलं नाही, की सुचूनही तिने खरं तेच सांगितलं, देवाला ठाऊक. पण त्यानंतर ताईने घरात तो शब्दच बंद करून टाकला. शाळेत निघालात, येतो. दुकानात निघालात, येतो. मधला एकदा मुद्दाम मोरीकडे हात धुवायला जाताना उंबऱ्यात उभा राहून "येतो गं ताई" म्हणाला होता, आणि तिने चेहरा न हलवता "ये हो, जपून" म्हटलं होतं.

आई गेली त्याच हिवाळ्यात धाकट्याने स्टोव्हवरचं पातेलं ओढलं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळला. ताई तेव्हा नळावर पाण्याला गेली होती, पाच मिनिटांचं काम. ती पाच मिनिटं तिने स्वतःला कधी माफ केली नाहीत. आपली पाठ वळलेली असताना घरात आग पेटती राहायची नाही, असं तिने ठरवलं आणि शाळा सोडली. दोन वर्षांनी तिला इस्पितळाच्या कपडेखात्यात काम लागलं, सकाळी आठ ते दुपारी एक. धाकट्याला सुतारकाकूंकडे सोपवता येत होतं, पण एक वाजता परत येऊन दोन भुकेल्या पोरांसमोर स्वयंपाकाला सुरुवात करायची तरी कशी? त्यावर सुतारकाकांनी ही तोड काढली. त्यांनी लहानपणी कुठेतरी तशी पेटी पाहिली होती. पहिल्या दिवशी ताईने पेटी उघडली तेव्हा वाफ तोंडावर आली, आणि आत मसूर, गाजर, बटाटा, कांदा सगळं मऊसूत होऊन एकमेकांत मिसळलेलं. आई गेल्यानंतर त्या घरात पोटभर आणि गरम असं पहिल्यांदा त्या दिवशी जेवण झालं.

कपडेखात्यात तिला रफूवाली म्हणत. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, घोंगड्या हाताखालून काढायच्या, भोकं शोधायची, आणि बुजवायची. घोंगडीला रफू करताना धागा बाहेरचा वापरायचा नाही, त्याच घोंगडीच्या काठातून उसवून घ्यायचा, म्हणजे रंगही तोच आणि पीळही तोच. काठ दोऱ्यादोऱ्याने कमी होत जातो, पण मधलं भोक दिसत नाही. त्या कामात तिचा हात असा बसला होता की मोठ्या बाई, म्हणजे खात्याच्या मुख्य, नव्या मुलींना भोक कुठे होतं ते ओळखायला लावायच्या आणि स्वतःही चुकायच्या.

लग्नाचं एकदा जुळत आलं होतं. इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर, शांत माणूस, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की धाकट्याला खुशाल बरोबर आणावं, पण मधल्याला वडिलांजवळ राहू द्यावं, त्याचं घर एका खोलीचं होतं. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. ताईने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीशी जाऊन सांगितलं, "आमच्याकडे पोरं सुटी मिळत नाहीत." तो हसला, तीही हसली. नंतर तिने पन्नास खोकल्याच्या बाटल्या त्याच खिडकीवरून नेल्या असतील, पण पुन्हा तो विषय निघाला नाही.

वडील गेले. मधला वीजखात्यात मीटर वाचणारा झाला, धाकटा शीतगोदामात यंत्रं दुरुस्त करणारा. दोघांची लग्नं तिने लावून दिली. मधला पलीकडच्या वस्तीत राहायला गेला, धाकटा बसने पाऊण तासावर. ताई त्याच दोन खोल्यांत राहिली, आणि थंडीतल्या रविवारी दोघांनी बायका-मुलांसह तिच्याकडे यायचं हे न बोलता ठरून गेलं. कढण, भाजलेला ब्रेड, आणि नंतर दुधात मुरवलेला गोड भात. खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या व्हायच्या, त्यावर मधल्याची मुलगी बोटाने चित्रं काढायची. या मुलीला घरात बडबडी म्हणत, आणि ती ते नाव सार्थ करायची. धाकट्याची चिमणी अजून दोन वर्षांची, तिला ताई मांडीवर घेऊन वाटीच्या कडेचं निवलेलं कढण बोटाने चाटवायची.

दोघी भावजयींनी कितीदा विचारलं असेल, ताई, हे करता कसं. मधल्याच्या बायकोने तर घरी दोनदा करून पाहिलं. मधला म्हणाला, पहिल्यांदा झालं त्याने मी पोरीच्या वहीचं कव्हर चिकटवलं, दुसऱ्यांदा झालं ते चिकटवायच्याही कामाचं नव्हतं. बायकोने त्याला तिथल्या तिथे चिमटा काढला. ताई मात्र विचारलं की म्हणायची, अगं काही नाही, अंदाजाने घालते झालं. हे खरं नव्हतं. तिचा अंदाज नव्हता, रीत होती, ठरलेली. ती तिने सांगितली नाही याचं कारण ती देवासमोर हात जोडतानासुद्धा धड कबूल करत नसे: कढण ज्याच्या त्याच्या घरी शिजायला लागलं, तर मग रविवारी इथे येईल कोण? विशेषतः धाकटा. मधला जवळ राहायचा, तो मीठ संपलं तरी यायचा. पण धाकटा, ज्याला तिने कडेवर वाढवला, ज्याच्या पोळलेल्या हातावर ती अजून थंडीत तेल चोळून द्यायची, तो एका पातेल्याच्या ओढीने पाऊण तास बसमध्ये बसून येतो, असं तिला वाटायचं. ती ओढ सैल होऊ द्यायची नव्हती. एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं, की त्याने येत राहावं.

त्या वर्षी थंडी लवकर आली. एका शुक्रवारी दुपारी ताई कपडेखात्यात होती. वाळवणीची मोठी यंत्रं घरघरत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटा होता. तो काहीतरी बोलत होता, मागे त्याच्याकडेही गोंगाट होता, कुणीतरी ध्वनिक्षेपकावर सूचना देत होतं. तिने एका कानात बोट घातलं.

"ताई, येतो गं."

"ये की," ती म्हणाली. "रविवारी कढण टाकतेच आहे. चिमणीला टोपी घालून आण, धुकं फार आहे."

पलीकडे थोडा वेळ नुसताच गोंगाट आला. मग तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

रविवारी ती अंधारातच उठली. मसूर नेहमीपेक्षा दोन मुठी जास्त घेतला, कारण मागचे दोन रविवार धाकटा आला नव्हता, कामाची घाई आहे म्हणाला होता. साडेसातला पातेलं पेटीत गेलं. अकराला मधला आला, बायको आली, बडबडी आली. बडबडीने आत येताच ओठावर बोट ठेवून आजीची चौकशी केली आणि खिडकीवर चित्र काढायला बसली. मधला मात्र आल्यापासून कुठे टेकेना. कोट काढला, पुन्हा घातला, जिन्यात जाऊन उभा राहिला, परत आला. बायको त्याच्याकडे बघायची, तो तिच्याकडे बघायचं टाळायचा. ताईने विचारलं की पोट बिघडलंय का, ओव्याचं पाणी देऊ का. तो नको म्हणाला.

साडेबारा ही पेटी उघडायची वेळ. साडेबारा वाजले, एक वाजला. ताई म्हणाली धुक्यामुळे बस रखडली असेल. तिने पुसलेल्या वाट्या पुन्हा पुसल्या. ब्रेड भाजून ठेवला होता तो वातड व्हायला लागला, म्हणून फडक्यात गुंडाळला. धाकट्याला फोन लावला, तर बंद. बॅटरी उतरली असेल, तिने स्वतःच सांगून टाकलं. दीडला बडबडीने विचारलं की आजी एवढी का झोपलीय, ती आजारी आहे का. तिच्या आईने तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. दोन वाजता मधला पेटीपाशी येऊन उभा राहिला.

"ताई, उघड आता पेटी."

"येऊ दे की त्याला. उघडली की निवणार."

"ताई, तो गेला."

ताई पेटीच्या झाकणावर हळूच बसली, जशी इस्पितळातल्या बाकावर माणसं बसतात. तेवीस वर्षं ती त्या इमारतीत काम करत होती. गेला हा शब्द तिथे दिवसातून कितीदा तरी तिच्या कानावर पडायचा, आणि त्याला एकच अर्थ होता. तिने वर पाहिलं आणि अगदी कामावरच्या आवाजात विचारलं, "कुठल्या वॉर्डात?"

मधल्याला आधी कळेना. मग कळलं, आणि तो तिच्या पायांशी खालीच बसला. नाही गं, तसा नाही, तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, तसा नाही गेला. विमानाने गेला. शुक्रवारी. बायकोच्या भावाने तिकडे परदेशात काम लावून दिलंय, शीतगोदामाचंच, बायको आणि चिमणी पण बरोबर, कायमचे. काल पोचल्याचं कळवलंय. तो व्यवस्थित आहे.

ताई हसली. खरंच हसली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि देवाचं नाव घेतलं. माणूस जिवंत आहे म्हटल्यावर त्यापुढे सगळं माफ असतं, त्या क्षणापुरतं तरी. तिने मधल्याच्या डोक्यावर टपली मारली की असं बोलतात होय रे गाढवा. मग तो हात तसाच त्याच्या डोक्यावर राहिला. तिला शुक्रवारचा फोन आठवत होता. ध्वनिक्षेपकावरचा आवाज आता तिला नीट ऐकू येत होता. तो निरोप घेत होता. तिने जन्मभर जो शब्द त्याच्या तोंडात बसवला तोच त्याने वापरला, आणि तिने त्याला टोपी घालून ये म्हणून सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत?" तिने विचारलं.

दहा दिवसांपासून, मधला म्हणाला. धाकट्याने शपथ घातली होती, मीच सांगतो म्हणाला होता. दोनदा तो बसमध्ये बसलाही, आणि अर्ध्या वाटेवरून उतरून परत गेला. तिच्यासमोर बसून कढण खायचं आणि मग सांगायचं, हे त्याला जमेना. फोनवर तिने ये की म्हटलं, तर पुढे बोलायची त्याची जीभच उचलली नाही. विमानात बसायच्या आधी त्याने मधल्याला कळवलं, आता तू सांग. आणि शुक्रवार गेला, शनिवार गेला, मधल्याचीही उचलली नाही.

"दहा दिवस पोटात ठेवलंस," ताई म्हणाली. "आणि कढण उघडेपर्यंत तुला दहा मिनिटं दम निघत नव्हता."

मग ती उठली आणि तिने पेटी उघडली. साडेसहा तास झाले होते, तरी वाफ आली. तिने सगळ्यांना वाढलं. मधला तीन वाट्या जेवला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. त्याची बायको वाटीत आसवं गाळत होती. बडबडी चक्क गप्प होती. एकटी ताई कोरड्या डोळ्यांनी आग्रह करत फिरत होती, अजून घे, अजून आहे, आज खूप आहे.

पुढचे तीन रविवार तिने कढण टाकलं नाही. मधला यायचा तेव्हा चहा-ब्रेड व्हायचा. कपडेखात्यात तिने एका दुपारी एका घोंगडीचं भोक बुजवताना खालची दुसरी घोंगडी त्यात शिवून टाकली. मोठ्या बाईंनी दोन्ही उचलून पाहिल्या, आणि कात्री घेऊन स्वतः उसवत बसल्या. एरवी त्या नव्या मुलीला केवढं तरी बोलल्या असत्या. धाकट्याचा फोन यायचा, आठवड्यातून एकदा, तिच्या दुपारच्या वेळी. पोचलो, घर मिळालं, बर्फ गुडघ्यापर्यंत आहे, चिमणी बरी आहे. ती विचारायची जेवलास का. तो हो म्हणायचा. शुक्रवारच्या त्या फोनबद्दल तो बोलत नसे, तीही बोलत नसे. देवापुढे बसली की मात्र तिला धाकट्याचाच राग यायचा, आणि मग राग आला म्हणून ती देवाची क्षमा मागायची, आणि नीट काहीच मागणं व्हायचं नाही.

चौथ्या रविवारी फोन आला तेव्हा धाकट्याचा आवाज बसलेला होता. चिमणी खात नाही, तो म्हणाला. चार दिवस नुसतं दूध. बाहेर इतकी थंडी की खिडकी उघडायची सोय नाही, आणि आत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतो.

"ताई, कढण सांग ना. कसं करतेस ते."

ताई खिडकीशी उभी होती. तिला वाटलं, आता अंदाजाने म्हणून सोडून द्यावं. जे भावजयींना सांगत आले तेच. किंवा सांगावं, पण एखादी गोष्ट गाळावी, म्हणजे तिकडे जे होईल ते जवळपास तसं होईल, पण तेच होणार नाही. त्याच्या जिभेला काहीतरी कमी पडत राहील. एखाद्या वर्षी, कधीतरी, त्या कमी पडण्यापायी तो तिकीट काढेल. हा विचार तिच्या मनात आला हे लपवण्यात अर्थ नाही. तो आला, आणि बराच वेळ थांबला.

"वही घे," ती म्हणाली.

तिने सांगायला सुरुवात केली. अख्खा मसूर चार मुठी, तुझ्या नाही, बायकोच्या. दोन गाजरं, दोन बटाटे, फोडी मोठ्या, नाहीतर विरघळतात. कांदा आधी काळपट होईपर्यंत परतायचा, लाल नाही, काळपट, भीती वाटेल तिथवर. मीठ शेवटी. मधेच तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी सांगणारच होतो," आणि ती म्हणाली, "मसूर दोनदा धू, खडा असतो." तो लिहू लागला.

मग ती ज्या गोष्टीपाशी अडायची होती तिथे आली. पातेल्याच्या तळाशी ती ब्रेडचे कडक भाजलेले काठ पसरायची, त्यावर मसूर. तळ लागत नाही, आणि तेच काठ विरघळून कढणाला दाटपणा देतात. हे कुणालाही माहीत नव्हतं. मधल्याच्या बायकोचं दोन्ही वेळा याच्यावाचून फसलं होतं. ती थांबली. तिकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ताई? आहेस ना?"

"आहे." आणि तिने ब्रेडचं सांगितलं.

किती वेळ उकळायचं, त्याने विचारलं. यावर तिला पटकन उत्तर देता येईना, कारण तिने घड्याळ कधी लावलंच नव्हतं. आई स्वयंपाक करताना एक प्रार्थना पुटपुटायची. ती तीनदा म्हणून व्हायची तोवर ताई स्टोव्हशी उभी राहायची आणि मग पातेलं पेटीत. इतकी वर्षं तोच तिचा वेळ होता. धाकट्याला ती प्रार्थना येत नव्हती. आई गेली तेव्हा तो अडीच वर्षांचा, आणि ताई ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, ती त्याच्या कानावर पडावी असं तिला कधी सुचलं नाही.

"घड्याळ बघ," ती म्हणाली, "मी म्हणते."

तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि आईची प्रार्थना मोठ्याने म्हटली. नेहमीच्या चालीत, घाई न करता, कारण घाई केली तर मसूर कच्चा राहिला असता. तीनदा म्हटली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज दोन ठिकाणी अडला, तेवढा वेळ तिने पुढे भरून काढला. तिकडे चिमणीसुद्धा ऐकत असावी.

"साडेअकरा मिनिटं," धाकटा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता.

"साडेअकरा," ती म्हणाली. "लिही."

पेटी नव्हती त्याच्याकडे. तिने सांगितलं खोकं घे जाड पुठ्ठ्याचं, सगळ्यांचे कोट घाल, उशी घाल, आणि मधे उघडायचं नाही. तो म्हणाला माहीत आहे ते. फोन ठेवताना तो काही म्हणाला नाही, येतो नाही, जातो नाही. नुसतंच "ताई" म्हणाला, आणि थोड्या वेळाने फोन बंद झाला.

त्या आठवड्यात ती कामावर रोज फोन समोर ठेवून बसली. मोठ्या बाईंनी विचारलं तर म्हणाली, भिंतीवरचं घड्याळ इथून दिसत नाही, वेळ बघायला ठेवलाय. खरं तर ती वाट बघत होती की तो फोन करेल आणि म्हणेल, ताई, सगळं केलं तसंच केलं, पण काहीतरी राहिलं. मग ती म्हणणार होती, असू दे, इकडे आलास की मी करून घालीन. हे वाक्य तिने मनात तयारच करून ठेवलं होतं. त्यात ठपका येऊ नये म्हणून तिने ते दोनदा बदललंही होतं.

रविवारी फोन आला. मागे चिमणी काहीतरी ओरडत होती, चमचा वाटीवर वाजवत होती. धाकटा एका दमात बोलत सुटला. खोकं, कोट, सगळं जमलं. चिमणी दोन वाट्या जेवली. बायको म्हणाली आता दर रविवारी करू. शेजारी एक कुटुंब आहे, त्यांना पण बोलावलं होतं, त्यांनी तळ पुसून खाल्लं.

"मिठाचं जमलं?" ताईने विचारलं.

"जमलं."

"कांदा नीट काळपट झाला होता? लालच काढलास असशील."

"नाही गं, काळपट. भीती वाटेपर्यंत."

"दाटपणा?"

"ताई, अगदी तुझ्यासारखं झालं. डोळे मिटून खाल्लं तर मी तिथेच बसलोय असं वाटलं. काही म्हणजे काही राहिलं नाही."

ताई पेटीवर बसली होती. पेटी त्या दिवशी रिकामी होती. खाली रस्त्यावर मधल्याची बडबडी येताना दिसत होती, बापाचा हात ओढत, वर बघून हात हलवत. ताईने तिला हात केला.

"मग झालं की," ती फोनवर म्हणाली.